चौथा फुसकारा

१

कुतुबुद्दीन मिस्त्री इंजिनाशी बोलायचा, आणि उद्यमनगरात त्यावरून त्याला कुणी खुळा म्हणत नसे. ज्याच्या हातचं इंजिन वर्ष वर्ष परत दारात येत नाही, त्यानं इंजिनाशी बोलावं नाहीतर भांडावं, लोक ऐकून घेतात. सवय मूळची त्याच्या उस्तादांची, चमनभाईंची. कुठलंही इंजिन उघडण्याआधी त्यावर पालथा हात ठेवायचा, काय काय करणार ते एकेक करून मोठ्यानं सांगायचं, शेवटी गाडी कोण चालवणार त्याचं नाव घ्यायचं आणि मगच पान्हा लावायचा. यात मंत्रतंत्र काही नव्हतं. मोठ्यानं म्हटलं की माणूस विसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि विचारणाऱ्याला कुतुबुद्दीन तो तेवढाच सांगे. देवाधर्माचं मशिदीत आणि पान्ह्याचं वर्कशॉपात, असा त्याचा खाक्या.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत सयाजीरावांची गाडी त्याच्या दारात आली. सयाजीराव म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. बोलायला गूळ आणि वागायला पाचट. त्यांचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं हौसेनं ही जपानी गाडी आणली आणि आजऱ्याच्या एका काजूच्या कारखान्यात ठेवून पुन्हा जो समुद्रावर गेला तो तिकडचाच झाला. चौदा वर्षं गाडी टरफलांच्या पोत्यांमागे उभी होती. दुधी रंगाची, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की आत बसायला गुडघे कानाशी न्यावे लागत.

पण खरी गंमत बॉनेटखाली होती. या इंजिनात पिस्टनच नव्हते. भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये आवळलेली एक लोखंडी कोठडी, आणि तिच्यात गोल गोल फिरणारा तीन कोपऱ्यांचा रोटर. अशा दोन कोठड्या, एक पुढं आणि एक मागं. कुतुबुद्दीननं असलं इंजिन एका पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. त्याला ते मनापासून आवडलं, हे त्यानं सयाजीरावांना अर्थातच कळू दिलं नाही.

सयाजीरावांचा बेत सरळ होता. मार्चच्या शेवटच्या रविवारी, चैत्राची यात्रा भरायच्या आत, जोतिबाच्या घाटात मोटारींची चढाई होणार होती. घड्याळ लावून एकेक गाडी वर सोडायची, कमी वेळात पोचेल ती पहिली. त्यांना त्यांची गाडी पहिली हवी होती. आणि चालवायला हवा होता इमाम, कुतुबुद्दीनचा धाकटा भाऊ.

इथं कुतुबुद्दीनचं घोडं अडलं. इमाम दोन वर्षांचा असताना आई गेली. कुतुबुद्दीन आणि त्याची बायको नजीरा यांनीच त्याला वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे रात्र रात्र छातीशी धरून बसून वाढवलं, कारण पोराला दमा होता. श्वास आत जाई तो नीट, पण बाहेर येताना शेवटाला बारीक शीळ वाजे. ती शीळ कुतुबुद्दीनच्या कानात चोवीस वर्षं होती. भिंतीपलीकडून ती ऐकू आली की त्याला झोप लागे आणि थांबली की जाग येई. आता इमाम सव्वीस वर्षांचा झाला होता, गाडी उत्तम चालवत होता आणि कुणाचं ऐकत नव्हता. शेवटी कुतुबुद्दीननं एक अट घातली, की इंजिनाला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बिघाड व्हायचा तर इंजिनात होतो आणि इंजिनातला बिघाड आपल्या हातातून निसटत नाही, एवढी त्याला स्वतःची खात्री होती. भाऊ घाटावरून जिवंत खाली यावा, याखेरीज त्याला त्या शर्यतीत कशाचंही सोयरसुतक नव्हतं.

पाटीवर त्यानं खडूनं कामं लिहून काढली. हवा आत घ्यायच्या खिडक्या कानशीनं रुंद करणे. रोटरच्या टोकांना, हवा गळू नये म्हणून, नव्या पट्ट्या. मोठा कार्ब्युरेटर. तेल थंड करायला वेगळी जाळी. इंजिनाच्या मागचं जड फिरतं चाक घासून हलकं करणे. धुराचा पाइप सरळ आणि मोकळा. मग इंजिनावर हात ठेवून त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, “चालवणार इमाम. माझा भाऊ हाय. जिवात जीव घालून संबाळ त्याला.”

हे शेवटचं वाक्य उस्तादांच्या रिवाजात नव्हतं. तोंडातून गेलं.

२

खिडक्या रुंद करायला बारा दिवस लागले. टोकाच्या पट्ट्या शेजारच्या बसाप्पानं बनवून दिल्या. बसाप्पा निपाणीकडचा, लेथवर बसला की केसाच्या जाडीवरून सख्ख्या भावाशी भांडेल असा माणूस. इंजिनाला हात लावायचा नाही ही अट त्याला माहीत होती. तो पट्ट्या आणून बाकावर ठेवायचा आणि दारातूनच बोलायचा. फेब्रुवारीच्या मध्यावर इंजिन पुन्हा बांधून झालं, तेव्हा मात्र एका कामाला दुसरा माणूस लागणारच होता.

ते काम असं. ठिणगी टाकणारा प्लग काढून ठेवायचा, एकानं पुढची पुली पान्ह्यानं हळूहळू फिरवायची आणि दुसऱ्यानं प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. आत दाबलेली हवा अंगठ्याला ढकलून बाहेर पडते, फुस करून. रोटरला बाजू तीन, म्हणून फुसकारे तीन. पुलीवर खडूची खूण केलेली असते. ती एकदा वर आली की एक फुसकारा, आणि असे तीन झाले की रोटरचा एक फेरा पुरा. तिन्ही सारखे जोरात आले तर पट्ट्या ठीक.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूची मशिनं थांबली, तेव्हा त्यांनी ते केलं. मागच्या कोठडीचे तीन फुसकारे एका मापाचे आले. बसाप्पाच्या मिशा फुलल्या. मग कुतुबुद्दीननं अंगठा पुढच्या कोठडीवर नेला.

फुस. फुस. फुस. आणि खडूची खूण अजून खाली असतानाच, फूऽस.

त्यानं पुन्हा फिरवायला सांगितलं. पुन्हा चार. पहिले तीन थंड होते, सकाळपासून गार पडलेल्या लोखंडातून येते तशी हवा. चौथा मऊ होता, थोडा उशिरा येत होता आणि ऊन होता.

तीन बाजूंच्या रोटरला चौथी बाजू आणायची कुठून? कुतुबुद्दीननं मनातल्या मनात कारणं लावली. एखादी पट्टी गळत असेल, शेजारच्या कोठडीतली हवा इकडून निसटत असेल. गळती असली तर ऊन का, हे त्याला सांगता आलं नाही. ते त्यानं सोडून दिलं. बसाप्पाला त्यानं अंगठा धरायला लावला आणि स्वतः पुली फिरवली.

“तीनच हाईत की,” बसाप्पा म्हणाला. जरा लवकरच म्हणाला. आणि अंगठा पायजम्याला पुसला, एकदा नव्हे, दोनदा.

कुतुबुद्दीननं ते पाहिलं आणि मनात गाठ मारून ठेवली. याच्या पट्टीत खोट आहे, याला ती कळली आहे आणि हा लपवतो आहे. त्यानं इंजिन पुन्हा उघडलं, एकेक पट्टी मोजली, एकेक सांध्यावर भिंग धरलं. खोट कुठंच नव्हती. दोन दिवसांनी बांधून पुन्हा अंगठा धरला तर चौथा तिथंच होता.

३

संशयाचं एक असतं, तो एकदा घरात शिरला की सगळ्या खोल्या फिरून येतो. कुतुबुद्दीनला वाटायला लागलं की त्याच्या पाठीमागे इंजिनाला कुणीतरी हात लावतं. त्यानं वर्कशॉपची किल्ली करगोट्याला बांधली. संध्याकाळी निघताना बॉनेटच्या फटीत तो विडीच्या कागदाचा कपटा अडकवून जाई आणि सकाळी आधी तो बघे. कपटा रोज जागच्या जागी असे. त्यामुळं त्याचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण येणारा एवढा हुशार आहे म्हटल्यावर तो घरातलाच असणार. तो इमामवर नजर ठेवू लागला.

इमाम मजेत होता. इतका मजेत त्याला कुणी कधी पाहिलाच नव्हता. तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपणारा माणूस एका उशीवर आडवा झोपू लागला. नजीरानं एका सकाळी सांगितलं, की दम्याच्या गोळ्यांची पट्टी महिनाभर तशीच आहे, एकही गोळी कमी झालेली नाही. ती खुशीत होती. पिराला नारळ वाढवायचा म्हणत होती. कुतुबुद्दीनलाही आनंद झाला, व्हायलाच हवा होता, आणि त्याच रात्री त्याला दोनदा जाग आली. भिंतीपलीकडून शीळ येत नव्हती.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. त्या सोमवारी भर दुपारी तो एकटाच वर्कशॉपात आला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, पत्र्यावर ऊन कडकडतंय, लेथ गप्प, भट्ट्या गप्प. रोजच्या गोंगाटात ज्याचा जन्म गेला त्याला असली शांतता अंगावर येते. त्यानं बॉनेट उचललं. धूळ जाऊ नये म्हणून पुढच्या कोठडीच्या भोकात त्यानं मलमलीची चिंधी हलकीशी खुपसून ठेवली होती. तिचं टोक बाहेर लोंबत होतं.

ते टोक हलत होतं.

वारा असेल म्हणून त्यानं दार लावलं. खिडकी लावली. परत येऊन उभा राहिला. चिंधी सावकाश आत ओढली जात होती आणि सावकाश बाहेर येत होती. पुलीला कुणी हात लावलेला नव्हता, इंजिन जागचं हललेलं नव्हतं. कुतुबुद्दीन खाली वाकला. चिंधी बाहेर येताना शेवटाला, अगदी शेवटाला, एक बारीक शीळ वाजत होती.

तो किती वेळ तसा वाकलेला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पाठ दुखायला लागली तेव्हा तो सरळ झाला आणि पहिली गोष्ट जी त्याच्या मनात आली ती ही, की गरम पत्र्याखाली लोखंड फुगतं, आतली हवा फुगते, बारीक फटीतून शीळ वाजू शकते. कारण चांगलं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं मानलंही असतं.

४

दुसऱ्या दिवशी तो शाहूपुरीत सयाजीरावांच्या पेढीवर गेला. गाडी आधी कुणी चालवली होती, कुणाचं काही बरंवाईट झालं होतं का, हे त्याला विचारायचं होतं. गुळाच्या ढेपांमध्ये मांडी घालून बसलेल्या सयाजीरावांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गाडी बंदरावरून थेट आजऱ्याला गेली, तिच्यात कुणी धड बसलंसुद्धा नाही. मेलं कुणी नाही, पडलं कुणी नाही. मावसभाऊदेखील सिंगापुरात धडधाकट आहे, परवाच त्याचं पत्र आलं.

कुतुबुद्दीनला उलट वाईट वाटलं. एखादा अपघात निघाला असता तर धरायला काहीतरी सापडलं असतं.

मग सयाजीरावांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. चढाईला तीन आठवडे राहिले आणि मिस्त्री चौकशा करत फिरतो, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, असं त्यांना वाटलं असावं. सांगलीवाल्यांची गाडीपण शर्यतीत आहे, त्यांचा माणूस तुमच्याकडे येऊन गेला का, असं त्यांनी हसत हसत विचारलं. कुतुबुद्दीन चहा न घेताच उठला.

५

ती परीक्षा त्यानं मुद्दाम घेतली नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी इमाम वर्कशॉपात आला, दाराशी ठेवलेल्या बाकावर बसला आणि चहाचा ग्लास हातात घेऊन घाटाचं वर्णन करू लागला. कुतुबुद्दीन बॉनेटमध्ये वाकून तेलाची नळी बघत होता. चिंधीखालून येणारी ती ऊन हवा मनगटाला लागत होती. ती नको म्हणून त्यानं चिंधी काढली आणि भोकावर अंगठा दाबला.

“तिसऱ्या वळनाला समदे बिरेक मारत्यात,” इमाम सांगत होता, “मी न्हाय मारनार भाई. दुसरा गेर टाकायचा आन्...”

अंगठ्याला आतून ओढ लागली. वासरू बोट चोखतं तशी. आणि इमामचं बोलणं थांबलं.

कुतुबुद्दीननं मान वळवली. इमाम बाकावर होता तसाच होता. तोंड किंचित उघडं, डोळे रस्त्याकडे, हातातला ग्लास ओठांच्या वाटेवर. तो गुदमरत नव्हता, तडफडत नव्हता. घड्याळ थांबतं तसा नुसता थांबला होता.

कुतुबुद्दीननं अंगठा काढला.

“...सरळ चढावर सोडायची,” इमाम म्हणाला आणि चहा प्याला.

कुतुबुद्दीनचं स्वतःचं एक वचन होतं: एकदा झालं तर योग, दोनदा झालं तर दोष. अंगाला दरदरून घाम सुटला असतानाही हात मिस्त्रीचाच होता. त्यानं पुन्हा अंगठा ठेवला, आणि या वेळी मनात आकडे मोजले. दहापर्यंत गेला तेव्हा इमामचे ओठ जांभळट दिसू लागले. ग्लास कलंडून चहा त्याच्या पायावर सांडत होता आणि पाय मागं होत नव्हता.

तिसऱ्यांदा करायची त्याची छाती झाली नाही. तो जाऊन भावासमोर बसला. काय होतंय, असं विचारलं. कुठं काय होतंय, म्हणून इमाम हसला, ओल्या पायाकडे बघून चकित झाला आणि पाय झटकला. कुतुबुद्दीननं लहानपणी धरायचा तसा हात त्याच्या नाकाखाली धरला.

“श्वास सोड.”

“सोडतोय की.”

छाती वरखाली होत होती. पण हाताला वारा लागला नाही. एवढ्या जवळ धरूनही लागला नाही. आणि मागं, बॉनेटच्या आत, ती शीळ वाजली.

“बघा की भाई,” इमाम म्हणाला, “जलमात असं मोकळं वाटलं न्हवतं. मला वाटतंय दमा गेला माझा.”

त्यानंतर कुतुबुद्दीननं त्या इंजिनाचं काम करायचं सोडलं. उघडून बघावं असं रोज वाटे. पण कोठडी उघडली आणि आत जे होतं ते मोकळं होऊन उडून गेलं तर? परत इमामकडे जाईल म्हणून कोण लिहून देणार? कुणाला सांगायची सोय नव्हती. इमामला त्यानं एकदा आडून आडून सांगून पाहिलं. इमाम मोठ्यानं हसला आणि म्हणाला, भाई, तुमचं वय झालं. मग त्यानं एवढंच केलं. भोकाभोवतीची जागा स्वच्छ पुसली, वर नवी पातळ मलमल बांधली, प्लग नेऊन जयंतीच्या नाल्यात टाकला आणि सयाजीरावांना निरोप धाडला, की प्लगचे आटे गेले आहेत, गाडी यंदा होत नाही.

दिवसभर तो तिथंच स्टूल टाकून बसे. लोकांना वाटे मिस्त्री विचार करतोय. तो ऐकत असे.

६

चढाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाला, सयाजीराव स्वतःच आले, मोटार क्लबचे दोन सभासद आणि नारळ घेऊन. कुतुबुद्दीननं त्यांना वर्कशॉपात शिरू दिलं नाही. रस्त्यावरच त्यांची जुंपली. आटे गेलेत म्हणजे नवे पाडा, असं ते म्हणाले. तो म्हणाला जमत नाही. मग इंजिन दुसऱ्याला द्या, म्हणाले. तो म्हणाला, माझ्या मुडद्यावरनं न्या. आजूबाजूच्या शेडमधली माणसं हात पुसत बाहेर आली. इमाम त्यांच्यात नव्हता, हे कुतुबुद्दीनच्या ध्यानात आलं नाही.

सयाजीरावांचा गूळ संपला होता. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “भाऊ फुडं जातोय ते बगवत न्हाय व्हय तुमास्नी?”

ज्या भावाच्या काळजीनं महिनाभर कुतुबुद्दीनला जेवलेलं अंगी लागत नव्हतं, त्याच्याबद्दल हे ऐकून घ्यावं लागलं आणि खरं कारण सांगता येत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. तो मागं वळला आणि वर्कशॉपात शिरला.

आत बसाप्पा होता. बॉनेटपाशी उभा राहून तो पान्हा पुसत होता, आणि इतक्या दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. उद्यमनगरात बोभाटा झाला होता की बसाप्पाच्या पट्ट्या गळतात, म्हणून मिस्त्रीनं गाडी टाकून दिली. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. मागच्या दारानं तो इमामला घेऊन आत आला होता.

“आटे चांगलं हाईत भाई, कायबी झालेलं न्हाय,” तो म्हणाला. “नवा प्लग घट्ट बसवलाय. वरनं तेलाची नळीबी जोडली. आता बगा माज्या पट्ट्या.”

मलमल जमिनीवर पडली होती.

इमाम गाडीत बसला होता. दोन्ही हात चाकावर, नजर समोर, ओठांवर हसू. कुतुबुद्दीननं फक्त त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. खिशाला लावलेलं पेन हलत नव्हतं.

त्यानं बसाप्पाच्या हातातला पान्हा हिसकला. पण प्लगच्या वरून नळी गेली होती, ती काढल्याशिवाय पान्हा आत जाणार नव्हता. नळी आवळणाऱ्या चाकीवरून पान्हा एकदा घसरला. दुसऱ्यांदा घसरला आणि त्याची बोटं सोलली. त्यानं मान वर केली. काचेपलीकडे इमामचं हसू तसंच होतं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या जांभळाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

आणखी चाक्या काढायला वेळ नव्हता. आत गेलेली हवा बाहेर काढायची दुसरी एकच वाट कुठल्याही इंजिनाला असते, धुराच्या पाइपाची, आणि ती इंजिन फिरलं तरच उघडते. तो धावत गाडीच्या दाराशी आला, खिडकीतून भावाच्या अंगावरून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. चौदा वर्षं गप्प पडलेलं इंजिन असं कधी सुरू होत नाही. शेड थरथरली, बाकावरचे नटबोल्ट नाचायला लागले, बाहेरची माणसं दारात गोळा झाली. इमामची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. त्यानं डोळे मिचकावले.

“मीच करनार हुतो की चालू,” तो म्हणाला.

सयाजीरावांनी तिथल्या तिथं नारळ फोडला. म्हातारा शेवटी वठणीवर आला, असं ते क्लबवाल्यांना सांगत होते. क्लबवाले कान देऊन ऐकत होते. इंजिनाच्या आवाजात शेवटाला जी बारीक शीळ येते ती फार सुरेख आहे, असं त्यांतला एक जण म्हणाला. बसाप्पानं मिशीवर हात फिरवला.

नवं बांधलेलं इंजिन दोन मिनिटं चाललं की बंद करून तेल बघायचं, हे इमामला भावानंच शिकवलं होतं. त्याचा हात किल्लीकडे गेला. कुतुबुद्दीननं त्याचं मनगट धरलं. सोललेल्या बोटांचं रक्त इमामच्या बाहीला लागलं.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

“तेल बगायचं न्हाय?”

“ऱ्हाऊ दे. चालू ऱ्हाऊ दे.”

मनगट न सोडता तो बसाप्पाकडे वळला. टाकीत पेट्रोल किती आहे, हे इंजिनाच्या आवाजात त्याला ओरडून विचारावं लागलं.

“चालू करून बगन्यापुरतं,” बसाप्पा म्हणाला. “लिटरभर घातलंय.”

दारातल्या गर्दीकडे बघून इमाम हसला आणि त्यानं हौसेनं ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबला.